मोजून पाच मीटर दोर

गेल्या महिन्यात शिडाच्या दोरांबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेलं : ‘आमचं दुकान बंद झालं त्या दिवशी भिंतीवर दोराची ११ रिळं शिल्लक होती.’ मला वाटलं, दोराबद्दल प्रश्न येतील. आले ते सगळे दुकानाबद्दल. तेव्हा या वेळी इंजिनं आणि शिडं राहू देत, बोटीच्या सामानाच्या दुकानांचंच बोलू. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी १९व्या वर्षी अशा एका दुकानात हिशेब लिहायला लागले, तीन महिन्यांत दोर गुंफायला, म्हणजे पेड एकमेकांत विणून जोड किंवा फासा करायला, शिकले आणि ३१ वर्षांनी त्याच दुकानाचं शेवटचं बिल फाडलं. त्यामुळे खाली जे काही आहे त्यात थोडा पक्षपात असणार. तो वगळून वाचा.

प्रश्न : माझ्याकडे छोटी शिडाची होडी आहे. तरुणपणी शहरात गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोटीच्या सामानाची सात-आठ दुकानं होती. आता एकही उरलेलं नाही. ऑनलाइन खरेदीने ती मारली असं माझं म्हणणं. मुलगा म्हणतो, ती आधीच मेली होती. कोण बरोबर?

उत्तर : मुलगा. पण त्याला लगेच सांगू नका, कारण तुमचंही अगदीच चुकलेलं नाही.

पहिला घाव बसला तो आपल्यासारख्या हौशी होडीवाल्यांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. ही दुकानं शहराच्या मध्यभागी का होती? जहाजं तिथे लागायची म्हणून. एक जहाज माल उतरवायला आणि भरायला आठ-आठ दिवस धक्क्यावर उभं असायचं. तेवढ्या दिवसांत त्याला दोर, रंग, कंदिलाच्या वाती, झाडू, साबण, नांगराचे साखळदंड, काय वाटेल ते लागायचं. होडीवाले हे वरचं गिऱ्हाईक. दुकानाचं भाडं निघायचं ते जहाजांवर. मग २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि या सगळ्याची वाट लागायला सुरुवात झाली. कंटेनरला मोठी मोकळी जागा हवी, खोल पाणी हवं, रेल्वे आणि ट्रक हवेत. शहरातल्या जुन्या, चिंचोळ्या गोद्यांत यातलं काहीच नव्हतं. लंडनच्या शहरातल्या गोद्या १९६७ ते १९८१ एवढ्या काळात एकामागोमाग एक बंद पडल्या. जगातल्या कितीतरी बंदर-शहरांत हाच क्रम दिसतो : गोदी शहराबाहेर सरकली, गोदामांत फ्लॅट झाले, धक्क्यावर फिरायला येणारी माणसं आली. जहाज आता काही तासांत माल उतरवून निघून जातं. त्याचं सामान थेट बंदरात ट्रकने पोचतं. मधल्या रस्त्यावरच्या दुकानाला कोण विचारतो?

दुसरा घाव मात्र मला जास्त जवळून दिसला, आणि त्याची गंमत अशी की तो चांगल्या मालाने घातला. मी लागले तेव्हा दुकानात मागच्या बाजूला मनिला दोराची जुनी भेंडोळी होती. फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या केळीच्या भाईबंदापासून तो दोर होतो. हाताला खरखरीत, वास गवतासारखा, भिजला की फुगून ताठ व्हायचा. ओला तसाच गुंडाळून ठेवला की आतून कुजायचा. बाहेरून दिसायला ठणठणीत आणि पेड उघडून बघावा तर आत भुसा. म्हणजे दोनचार वर्षांत गिऱ्हाईक पुन्हा दारात. शिडं सुती होती, त्यांना बुरशी यायची. होडी लाकडी होती, तिच्या फळ्यांच्या सांध्यांत दर वर्षी कापूस ठोकायचा, वर लांबी भरायची, मग रंग, मग वॉर्निश. लाकडी होडी म्हणजे दुकानदाराची पेन्शनच.

नायलॉन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, पॉलिएस्टर १९४१ मध्ये. महायुद्धानंतर दोघांचे दोर निघाले, पॉलिएस्टरची शिडं आली, आणि पाठोपाठ फायबरग्लासच्या होड्या आल्या. न कुजणारा दोर, बुरशी न धरणारं शीड, सांधेच नसलेली होडी. आमचे मालक म्हणायचे, ‘हा दोर इतका चांगला आहे की विकायला भीती वाटते.’ ते हसत म्हणायचे, पण वहीत मला दिसत होतं. जो माणूस वर्षातून सहा वेळा यायचा तो दोन वेळा यायला लागला. अशी गिऱ्हाइकं आमच्यावर रागावून गेली नव्हती. त्यांना यायची गरजच उरली नव्हती.

तिसरा घाव नकाशांचा. हे फार जणांना आठवत नाही. सागरी नकाशे विकणारं दुकान म्हणजे त्या काळी मानाचं. नकाशा विकून काम संपायचं नाही. दर आठवड्याला दुरुस्त्यांची सूचनापत्रं यायची : अमुक दिवा विझला, तमुक बोया हलवला, इथे बुडालेलं जहाज सापडलं. त्या दुरुस्त्या जांभळ्या शाईच्या बारीक पेनाने प्रत्येक नकाशावर हाताने करायच्या आणि खालच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा क्रमांक लिहायचा. मी हे काम चार वर्षं केलं. अजूनही जांभळी शाई दिसली की मान अवघडते. जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झालं. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून हातातलं छोटं यंत्र होडी कुठे आहे ते काही मीटरच्या फरकाने सांगायला लागलं. मोठ्या जहाजांवर २०१२ ते २०१८ च्या दरम्यान इलेक्ट्रॉनिक नकाशे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाने तर २०२२ मध्ये कागदी नकाशे बंद करण्याचा बेत जाहीर केला. पुढे मुदत वाढवून दिली, पण वारं कुठलं आहे ते कळलंच. नकाशाचं गिऱ्हाईक नकाशाबरोबर पेन्सिल, कर्कटक, होकायंत्र, आणि जाता जाता शॅकल, म्हणजे साखळी किंवा दोर अडकवायची पिनेची कडी, तीही घेऊन जायचं. ते सगळं गेलं.

आता भाड्याचं गणित. शॅकलच घ्या. ५, ६, ८, १०, १२ मिलिमीटर असे पाच आकार. सरळ आणि धनुष्याच्या घाटाचं, असे दोन प्रकार. जस्ताचा मुलामा दिलेलं आणि स्टेनलेस, असे दोन धातू. झाले २० खण. ही नुसती सुरुवात, लांब दांड्याची आणि पिळाची अजून बाकीच आहेत. १२ मिलिमीटरचं पिळाचं शॅकल वर्षातून एखादं जायचं. पण ज्याला हवं त्याला तेच हवं असतं, आणि ते नसेल तर दुकान कसलं? म्हणजे हजारो वस्तू, त्यांतल्या बहुतेक वर्षानुवर्षं खणात झोपलेल्या, आणि जागा शहराच्या मध्यभागी, दर चौरस फुटाला भाडं. त्याच जागेत चपला विकणारा तुमच्या पाचपट भाडं देऊ शकतो. मालकांची पुढची पिढी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसली की दुकान संपलं. त्यांचा दोष नाही.

ऑनलाइन आलं ते इतकं सगळं झाल्यावर. त्याने काय केलं ते मी एका दृश्यात सांगते. शनिवारी दुपारी एक गृहस्थ आले. माझ्याकडून ४० मिनिटं तीन कप्प्या समजून घेतल्या, कुठल्या कप्पीत बॉल बेअरिंग आहे, कुठल्या दोराला किती मोठं चाक लागतं, सगळं. मग खिशातून फोन काढला, माझ्यासमोरच किंमत बघितली, ‘थँक यू हं’ म्हणाले आणि गेले. खरोखर मनापासून म्हणाले, उद्धटपणा नव्हता. मला राग आला नाही. मी फक्त घड्याळ बघितलं.

आणि आता आमचीही झाकलेली मूठ उघडते. आमच्या धंद्यातली बरीच दुकानं नवख्याला पळवून लावण्यात पटाईत होती. एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं आणि ‘एक रस्सी द्या’ म्हणालं. काउंटरला टेकलेले तिघे अनुभवी खलाशी आणि आमचा एक सेल्समन असे चौघे हसले. ‘रस्सी? कपडे वाळत घालायला का?’ ती दोघं लाल झाली, पुन्हा आली नाहीत. त्यांनी पुढची २० वर्षं होडी चालवली असेल तर त्या हशाची किंमत काढा. मी त्या दिवशी काउंटरवर होते. हसले नाही, पण बोललेही नाही.

प्रश्न : अशा दुकानदाराला ‘शिप चँडलर’ म्हणतात. चँडलरचा आणि झुंबराच्या ‘शँडेलियर’चा काही संबंध आहे का? शब्दकोड्यात अडलो आहे.

उत्तर : आहे. दोन्हींच्या मुळाशी मेणबत्ती. चँडलर म्हणजे मूळचा मेणबत्त्या करून विकणारा. जहाजाला चरबीच्या मेणबत्त्या पुरवता पुरवता तो दोर, डांबर, राळही द्यायला लागला. मेणबत्त्या गेल्या, नाव राहिलं.

प्रश्न : मी वर्षापूर्वी पहिली जुनी मोटरबोट घेतली. खाऱ्या पाण्यात असते. रेलिंगचे बोल्ट ‘स्टेनलेस’ म्हणून ऑनलाइन मागवले, सहा महिन्यांत तांबूस डाग पडले. विक्रेता म्हणतो स्टेनलेसच आहेत. फसवलं का? आणि आता जवळ दुकानच नाही तर असलं काही विचारायचं कुणाला?

उत्तर : फसवलं नसावं. ते स्टेनलेसच असतील. फक्त तुम्हाला हवे होते ते नाहीत.

बोल्टचं डोकं भिंगाखाली बघा. बहुतेक चांगल्या बोल्टवर ‘ए२’ किंवा ‘ए४’ असा ठसा असतो. ए२ म्हणजे ३०४ जातीचं स्टेनलेस : कारखान्यात, स्वयंपाकघरात उत्तम. ए४ म्हणजे ३१६ : त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडशी झुंजायला तेच उपयोगी पडतं. तुमच्या बोल्टवर ए२ निघेल अशी माझी अटकळ आहे. ठसाच नसेल तर पाण्यावर वापरू नका, विषय संपला. आणि ए४ लावले तरी निर्धास्त राहू नका. स्टेनलेसला टिकायला हवा लागते. डेकच्या आत, ओल्या लाकडात किंवा सीलंटखाली कोंडलं की तेही खंगतं, आणि नेमका तोच भाग दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी एखादा बोल्ट बाहेर काढून मधला भाग बघत जा. तिथे खड्डे किंवा कंबर बारीक झालेली दिसली तर सगळेच बदला.

आता लगे हाथ पितळाचंही ऐका, कारण जुन्या बोटीत हमखास सापडतं. नेहमीच्या पिवळ्या पितळात तांब्याबरोबर भरपूर जस्त असतं. समुद्राच्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं राहतं. स्क्रू दिसतो तसाच, पण रंग पिवळ्याचा गुलाबी झालेला असतो. स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं बिस्किटासारखं तुटतं. पाण्याखालच्या भागात असा गुलाबी स्क्रू किंवा व्हॉल्व्ह दिसला तर बोट बाहेर काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. तिथे कासं, म्हणजे ब्राँझ, हवं. ऑनलाइन पानावर पितळ आणि कासं दोन्ही सोनेरीच दिसतात, ही खरी अडचण.

विचारायचं कुणाला, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी माझीच एक चूक सांगते. बोटीच्या तळाला, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर जस्ताचा एक गोळा लावतात, त्याला ॲनोड म्हणतात. धातूंमध्ये पाण्यातून जी विजेची देवाणघेवाण होते तिच्यात हा गोळा स्वतः झिजतो आणि पंखा वाचतो. दुकानात लागल्याच्या दुसऱ्या वर्षी एक शांत गृहस्थ आले, म्हणाले, अमुक मापाचा ॲनोड द्या. मी माप बघितलं, दिला, बिल केलं. पुढच्या हंगामात ते परत आले आणि तोच गोळा काउंटरवर ठेवला. जसाच्या तसा. वर फक्त पांढुरकी साय आलेली, धारही बोथट झाली नव्हती. मग पिशवीतून पंखा काढला. पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

त्यांची बोट तळ्यात होती. गोड्या पाण्यात जस्तावर ती साय धरते आणि ते काम करणं सोडून देतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम बरं. आणि मॅग्नेशियम समुद्रात लावलं तर ते बघता बघता विरघळून जातं. हे सगळं मालकांना माहीत होतं, मला नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मालकांनी त्या गृहस्थांना नवा पंखा दिला, आमच्या खर्चाने. मला ओरडले नाहीत. फक्त ॲनोडच्या खणावर एक चिठ्ठी चिकटवली : ‘पाणी कुठलं?’ दुकान बंद होईपर्यंत ती चिठ्ठी तिथेच होती, दोनदा नवी लिहिली. वेबसाइट तुम्हाला कार्डाचा नंबर विचारते, पत्ता विचारते. पाणी कुठलं ते विचारत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी उपाय : काही मागवण्याआधी तो प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारायचा. पाणी कुठलं, वस्तू पाण्याच्या वर की खाली, तिला लागून दुसरा धातू कुठला, तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे का. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर (नांगर, रेलिंग, लाइफजॅकेट, सुकाणू) स्वस्त आहे म्हणून मागवू नका. शॅकलवर किती भार चालेल ते कोरलेलं नसेल तर ते चावीच्या जुडग्याला लावा, नांगराला नको. विजेची तार आतून कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळी पडत जाते. आणि तुमच्या धक्क्यावर बोटी दुरुस्त करणारा जो कोणी मेकॅनिक असेल त्याच्याशी ओळख वाढवा. बोटीखाली पाठ टेकून काम करणारा माणूस कुठला ॲनोड कसा झिजलाय ते रोज बघत असतो. दुकानांकडची बरीच माहिती आता त्याच्या डोक्यात राहते.

प्रश्न : वडिलांचं बोटीच्या सामानाचं दुकान ४० वर्षं चाललं. ते आता थकले आहेत, जागा पुढच्या महिन्यात सोडायची आहे. माळा आणि मागची खोली सामानाने भरलेली आहे. भंगारवाला सगळं एकदम घ्यायला तयार आहे. देऊन टाकू का? वडील काहीच बोलत नाहीत.

उत्तर : सगळं एकदम देऊ नका. एक आठवडा काढा, आणि वडिलांना शक्य असेल तर खुर्ची टाकून माळ्याखाली बसवा. तुम्ही एकेक वस्तू खाली आणा आणि फक्त विचारा, ‘हे काय?’ मग बोलतील.

वेगळं काय काढायचं ते सांगते. कास्याचे स्क्रू, बिजागऱ्या, खिळपट्ट्या, तांब्याचे चौकोनी खिळे आणि त्यांच्या वाट्या, लाकडी कप्प्या, शिडाच्या भोकांत बसवायच्या पितळी कड्या आणि त्या ठोकायचे ठसे, शिडं शिवायचे जाड दाभण आणि तळव्यावर बांधायचा चामडी पट्टा. जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करणारी माणसं थोडी आहेत, पण ती हा माल शोधत हिंडतात आणि वजनावर नाही, नगावर घेतात. जुने नकाशे भिंतीवर लावायला द्या, पण विकताना मागे ठळक लिहा : ‘वाट काढण्यासाठी वापरू नये.’ वाळूचे बांध सरकतात, कागद सरकत नाही.

काही वस्तू मात्र कुणालाही, फुकटसुद्धा, देऊ नका. जुनी लाइफजॅकेट, मग ती कितीही नवीकोरी दिसोत. आतला फोम किंवा सावरीचा कापूस दबून गेलेला असतो. पट्टे कापा आणि मगच टाका, नाहीतर कचऱ्यातून उचलून कोणीतरी पोराला घालेल. मुदत संपलेले फ्लेअर्स, म्हणजे संकटात इशारा द्यायला पेटवायची दारूची नळकांडी : मुदत साधारण तीन वर्षांची असते, तुमच्या माळ्यावर त्याहून बरेच जुने सापडतील. गंमत म्हणून उडवू नका, कचऱ्यातही टाकू नका. तिथल्या बंदर-अधिकाऱ्याला किंवा अग्निशमन दलाला फोन करून विचारा. आणि तळाला लावायच्या रंगाचे जुने डबे बघा. त्यांवर ट्रायब्युटिलटिन किंवा टीबीटी असं काही लिहिलेलं असेल तर झाकण उघडूच नका. त्या रंगाने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायला लागली. कालवांची कवचंही वेडीवाकडी जाड व्हायला लागली, म्हणून फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर तो बंद केला. पुढे सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवरही बंदी आली. तो घातक कचरा आहे, तसाच हाताळायचा.

एक वस्तू स्वतःसाठी ठेवा. आमच्या मालकांनी काउंटरच्या कडेला बरोबर एक मीटर अंतरावर दोन पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या होत्या. त्याआधी दोर वावेने मोजायचे : दोन हात पसरले की एक वाव. पण माझे हात आखूड, माझी वाव मालकांच्या वावेपेक्षा वीतभर कमी भरायची आणि गिऱ्हाइकं कुरकुरायची, म्हणून त्या चुका. ३१ वर्षं त्यांच्यामधून दोर सरकून मधलं लाकूड पन्हाळीसारखं खोल झालं होतं. ती फळी मी कापून आणली आहे. तुमच्या वडिलांच्याही काउंटरला असं काही असेल.

प्रश्न : नोकरी सोडून शहरात बोटीच्या सामानाचं दुकान काढायचा विचार आहे. वेडेपणा आहे का?

उत्तर : शहराच्या मध्यभागी असेल तर हो. जिथे बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात त्या आवाराला खेटून एक खोली मिळाली तर नाही.

कुरिअर जे न्यायला नाखूष असतं ते ठेवा : थिनर, रेझिन, रंग, फ्लेअर्स. ज्याची उद्यापर्यंत वाट बघता येत नाही ते ठेवा. रविवारी सकाळी इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर फाटतो. माणूस फाटकं चाक मुठीत धरून येतो, त्याची दोन पाती कुठे गेली ते त्याला माहीत नसतं. तुम्ही नवा इम्पेलर द्या, आणि ती हरवलेली पाती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत अडकली असतील, ती काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नकोस, हेही सांगा. हे दोन्ही एकदम मिळालं तर तो घासाघीस करणार नाही. आणि कामाचे पैसे घ्या, वस्तूवरच्या नफ्यात ते लपवू नका. आम्ही दोर गुंफून फुकट द्यायचो, दोराच्या किमतीत ते धरलेलं असायचं. लोक दोर दुसरीकडून आणायला लागल्यावर गुंफायला आमच्याकडे यायचे आणि पैसे मागितले की चकित व्हायचे. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होते, नीट गुंफलेल्या फाशात मात्र थोडीच जाते. या फरकाला किंमत आहे आणि ती आम्ही कधी पाटीवर लिहिली नाही. तुम्ही लिहा.

१२ मिलिमीटरचं पिळाचं शॅकल ठेवू नका. मागवून देतो म्हणा.

प्रश्न : दुकानात दोर कापून देताना गरम पात्याने कापायचे, टोक सुटायचं नाही. आता पूर्ण रीळ मागवावं लागतं आणि घरी कापलं की टोक उसवतं. मेणबत्तीवर वितळवलं तर कडक गोळा होतो आणि हाताला कापतो. काय करू?

उत्तर : वितळवणं हा निम्मा उपाय आहे. त्या कडक टोकाने माझेही तळवे फाटले आहेत. टोक दोऱ्याने बांधायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे.

मेण लावलेला जाड दोरा घ्या. दोर कापण्याआधी कापायच्या जागेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध कापा. आता दोऱ्याचा एक लांबट फासा करून दोराच्या लांबीला धरून त्याच्यावर झोपवा, फाशाचं डोकं टोकाकडे. दोऱ्याचा लांब भाग त्या फाशावरून दोराभोवती गुंडाळत टोकाकडे या. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, दात-ओठ खाऊन आवळलेला, पिळाच्या उलट दिशेने. दोराच्या जाडीच्या दीडपट लांबी झाली की थांबा. हातातलं टोक फाशाच्या डोक्यातून घाला आणि मागे राहिलेलं टोक ओढा, म्हणजे फासा वेढ्यांखाली सरकत जाईल. वेढ्यांच्या मध्यापर्यंत आला की ओढणं बंद. जास्त ओढलंत तर सगळं बाहेर येईल आणि पहिल्यापासून करावं लागेल. पहिली तीन-चार टोकं तशीच जातील, माझी सात गेली होती. मग दोन्ही बाजूंची उरलेली शेपटं वेढ्याला लागून कापा आणि चिकटपट्टी काढून टाका.